पूर्वज निवडणारी माणसं

३१ ऑक्टोबरच्या रात्री इंग्लंड-अमेरिकेत हॅलोविनची धामधूम असते. मुखवटे लावलेली पोरं दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात, अंगणात भोपळ्यांचे कंदील जळतात. त्याच रात्री काही घरांत एक वेगळीच पंगत बसते. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी असते आणि तिच्यावर काळं किंवा पांढरं कापड घातलेलं असतं. पहिलं वाढतात ते त्या खुर्चीपुढच्या ताटात, मग स्वतःच्या. पंगत बसल्यापासून उठेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. काही घरांत जेवणाचा क्रमही उलटा असतो, आधी गोड आणि शेवटी सूप. जो तो आपल्या गेलेल्या माणसाला लिहिलेली चिठ्ठी घेऊन येतो. शेवटी खुर्चीपाशी उभं राहून मनातल्या मनात काय बोलायचं ते बोलतो, आणि चिठ्ठी जाळून टाकतो. या पंगतीला ‘डम सपर’ म्हणतात. मुकं जेवण.

मराठी वाचकाला इथे सर्वपित्रीचं पान आठवणारच. पण एक मोठा फरक आहे. सर्वपित्रीला काय रांधायचं आणि पान कुठे ठेवायचं, हे आपल्याला घरातल्या मोठ्यांकडून आयतं मिळतं. या मुक्या पंगतीला बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या आजीने असलं काही कधी केलेलं नसतं. आजी रविवारी चर्चमध्ये जात होती. इतकंच नव्हे, जुन्या इंग्रजी आणि अमेरिकन लोकरीतीत डम सपर हा लग्नाळू मुलींचा तोडगा होता. मध्यरात्री न बोलता ताट मांडलं, की होणाऱ्या नवऱ्याची छाया समोर येऊन बसते, अशी समजूत होती. ख्रिस्तपूर्व निसर्गधर्म पुन्हा जगू पाहणाऱ्या विसाव्या शतकातल्या ‘पेगन’ मंडळींनी त्या खुर्चीवरून भावी नवऱ्याला उठवलं आणि तिथे पूर्वजांना बसवलं.

निवृत्त कस्टम अधिकाऱ्याचा धर्म

आजच्या पेगन पंथांत सर्वांत गाजलेला पंथ म्हणजे विक्का. तो जगापुढे आणला जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने. जन्म १८८४ चा. उमेदीची वर्षं सिलोन, बोर्निओ आणि मलायात गेली. आधी मळ्यांवर, मग सरकारी कस्टम खात्यात. मलायी खंजिरांवर त्याने अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं. १९३६ साली निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला आणि न्यू फॉरेस्टच्या परिसरात राहायला गेला. तिथे १९३९ मध्ये एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, आणि ते मंडळ ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला ‘विच’, म्हणजे चेटूक करणाऱ्या, लोकांचा धर्म पाळत होतं, असं त्याचं म्हणणं.

हे उघडपणे सांगायला मात्र कायदा आडवा येत होता. इंग्लंडमध्ये १७३५ चा विचक्राफ्ट कायदा लागू होता. त्याने चेटकासाठी फाशी देणं बंद केलं, पण अंगात तशी शक्ती असल्याचा दावा करणं हा गुन्हा ठरवला. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, मृतांशी संवाद साधून देणाऱ्या हेलन डंकन या स्कॉटिश बाईला याच कायद्याखाली नऊ महिन्यांची कैद झाली. १९५१ साली तो रद्द झाला आणि त्याच्या जागी फसवणूक करणाऱ्या माध्यमांविरुद्धचा कायदा आला. तीन वर्षांत गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ बाजारात होतं. प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. मूळच्या त्या इजिप्तविद्येच्या अभ्यासक. युरोपात पूर्वी ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं, ते वास्तविक एका जुन्या निसर्गधर्माचे अनुयायी होते, असा सिद्धांत त्यांनी १९२१ मध्येच मांडला होता.

इतिहासकारांनी हा सिद्धांत पुढे साफ मोडीत काढला. ब्रिस्टल विद्यापीठाचे रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात विक्काची वंशावळ उलगडून दाखवली : एकोणिसाव्या शतकातलं रोमँटिक काव्य, गुप्त मंडळांचे विधी, लोकसाहित्याचे अभ्यास, आणि त्यावर गार्डनरचा हात. विधींतला बराचसा सुंदर मजकूर तर डोरीन व्हॅलिएंट या त्याच्या शिष्येचा. १९५३ मध्ये दीक्षा घेतल्यावर तिने जुनी उसनवारी काढून टाकली आणि नवं गद्य-पद्य लिहिलं. गंमत अशी की हटन यांचा ग्रंथ आल्यावर पंथ कोसळला नाही. पुष्कळ पेगनांनी तो वाचला, मान डोलावली आणि ते पुढच्या सणाच्या तयारीला लागले.

आठ आऱ्यांचं वर्ष

या सणांचं चक्र आठ आऱ्यांचं. चार आरे सूर्याचे : २१ डिसेंबरच्या सुमाराला यूल, २१ जूनच्या सुमाराला लिथा, आणि मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांना ओस्तारा व मेबॉन. त्यांच्या मधले चार आयरिश-स्कॉटिश परंपरेतले : फेब्रुवारीच्या आरंभी इम्बॉल्क, १ मेला बेल्टेन, १ ऑगस्टला लूनासा आणि ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून सॉविन, म्हणजे मुक्या पंगतीची तीच मृतांची रात्र.

चक्र वाटतं अनादि. पण आठही सण एका माळेत ओवले गेले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस, लंडनच्या उत्तरेला ब्रिकेट वूड इथल्या गार्डनरच्या मंडळात. लिथा, मेबॉन आणि ओस्तारा ही नावं चिकटवली ती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एडन केली यांनी. दक्षिण गोलार्धात तर आणखी मजा. ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रेलियात वसंत बहरात असतो, म्हणून तिथले पेगन चक्र सहा महिन्यांनी फिरवतात आणि सॉविन एप्रिलच्या शेवटी करतात. पोथीपेक्षा झाडाकडे बघून तिथी ठरवणारी ही मंडळी. पानगळ नाही तर मृतांचा सण कसला, हा त्यांचा साधा हिशोब.

सॉविनचं मूळ आयर्लंडमध्ये. मध्ययुगीन आयरिश कथांत या दिवसांत राजे जमतात, मेजवान्या झडतात आणि परलोकाची दारं उघडतात. रॉसकॉमन परगण्यातल्या रॅथक्रॉहन इथली ‘ओवेनागॅट’ ही अरुंद गुहा त्यांपैकी एक दार समजली जाते. तारा टेकडीवरच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या दफनटेकाडात याच सुमाराला उगवत्या सूर्याचे किरण आत शिरतात. मात्र सॉविन हा पूर्वजांना जेवू घालण्याचा सण होता, असं या कथा सांगत नाहीत. तो अर्थ ठळक केला एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या अभ्यासकांनी, विशेषतः जेम्स फ्रेझर यांनी. मृतांचा दिवस या ऋतूत रुजवला तो चर्चने. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण नवव्या शतकात पश्चिम युरोपभर पसरला, आणि क्लूनीच्या मठाधिपती ओडिलोने दहाव्या शतकाच्या अखेरीस २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्या दिवशी फुलं आणि मेणबत्त्या दिसतात, त्या याच परंपरेतल्या. पेगनांनी ख्रिस्ती धर्म सोडला, पण पूर्वजांना भेटायची वेळ मात्र त्याच्याकडूनही घेतली.

कोण आपले?

आपल्याकडे श्राद्धात पितर ठरलेले असतात : बाप, आजा, पणजा. पेगन, त्यांतही ब्रिटनमधले ड्रुइड पंथाचे लोक, तीन प्रकारचे पूर्वज मानतात. रक्ताचे, जागेचे आणि परंपरेचे. म्हणजे ज्या गावात आपण राहतो तिथे पूर्वी राबलेली अनोळखी माणसंही आपली, आणि ज्यांच्या लेखनाने आपण घडलो तीही आपली. घराशी संबंध तुटलेल्यांना, दत्तक गेलेल्यांना, आईबापांनी नाकारलेल्या समलिंगी तरुणांना ही व्यवस्था किती मोठा आधार देत असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण पूर्वज निवडायची मोकळीक मिळाली की चुकीचे पूर्वजही निवडले जातात. ‘चेटूक-शिकारीत नव्वद लाख बायकांना जाळलं, त्या आमच्या पूर्वजा’ असं गार्डनरच्या काळापासून सांगितलं जाई. आज इतिहासकारांचा अंदाज आहे चाळीस ते साठ हजार. त्यांत पुरुषही होते, आणि बहुतेक सगळे स्वतःला ख्रिस्तीच मानत होते. अमेरिकेत सेलम इथे १६९२ मध्ये फासावर गेलेले एकोणीस जण शेवटपर्यंत सांगत होते की आम्ही चेटूक केलेलं नाही. आज त्याच गावात विच म्हणवून घेणाऱ्यांची दुकानं थाटलेली आहेत.

हा विरोधाभास महाराष्ट्रातून जास्त टोचतो. आपल्याकडे नंदुरबारसारख्या भागात ‘डाकीण’ हे नाव बाई स्वतः घेत नाही, ते तिच्यावर लादलं जातं आणि मग मारहाण होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेऊन छळ करणं गुन्हा ठरवलं आहे. लंडनच्या तरुणीने हौसेने मिरवलेलं नाव सातपुड्यातल्या बाईच्या जिवावर उठू शकतं. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

जागेच्या पूर्वजांवरून तर खटका उडाला. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या संग्रहालयात सुमारे तीन वर्षांच्या एका अश्मयुगीन मुलाचा सांगाडा आहे. तो १९२९ मध्ये जवळच्या विंडमिल हिलवर सापडला. त्याला पुन्हा मातीत ठेवा, अशी मागणी ड्रुइडांनी २००६ मध्ये केली. सरकारी पुरातत्त्व यंत्रणेने सल्लामसलत केली, लोकांची मतं मागवली आणि २०१० मध्ये निकाल दिला : सांगाडा संग्रहालयातच राहील. पाच हजार वर्षांपूर्वीच्या मुलाशी ड्रुइडांचं नातं इतरांपेक्षा जवळचं ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ. निकाल मला पटतो. पण काचेच्या पेटीतला सांगाडा हे कोणाचं तरी मूल आहे, हा मुद्दा सरकारदरबारी चर्चेला घ्यावा लागला, याचं श्रेय मागणी करणाऱ्यांनाच जातं.

नावांची यादी

विधी घडवायची खरी गरज भासली ती माणसं जाऊ लागली तेव्हा. सॅन फ्रान्सिस्कोत स्टारहॉक या पेगन लेखिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सॉविनला ‘स्पायरल डान्स’ सुरू केला. शेकडो माणसं हात धरून गुंडाळत जातात, उलट वळतात. वळताना समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांसमोरून सरकतो. त्याआधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, आणि जन्मलेल्या बाळांचीही. लवकरच त्या शहरावर एड्सची लाट आली. पुढे या मंडळींनी मरणासन्न माणसाजवळ काय म्हणावं, मृतदेहाशी कसं वागावं, शोक कसा करावा याचं पुस्तकच केलं. ते १९९७ मध्ये आलं. विस्कॉन्सिनमध्ये सेलेना फॉक्स यांच्या ‘सर्कल सँक्च्युअरी’ या पेगन संस्थेने आपल्या दोनशे एकरांच्या रानात स्वतःची दफनभूमी केली. तिथे रसायनं न वापरता देह मातीला देता येतो.

सरकारशीही झगडावं लागलं. २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या नेवाडाच्या एका विक्कन सैनिकाच्या स्मृतिफलकावर पंथाचं चिन्ह, म्हणजे वर्तुळातली पंचकोनी चांदणी, कोरायला अमेरिकन सरकार तयार नव्हतं. त्याच्या पत्नीने हार मानली नाही. प्रकरण कोर्टात गेलं, आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने चिन्ह मान्य केलं.

इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी धर्म म्हणून ‘पेगन’ लिहिलं आणि सुमारे १३,००० जणांनी ‘विक्का’. संख्या किरकोळच. पण गार्डनर १९६४ मध्ये गेला, व्हॅलिएंट १९९९ मध्ये. ज्या पिढीने सत्तरच्या दशकात वर्तुळं आखली, तिच्यातलेही आता एकेक करून जात आहेत. सुरुवातीला या पंथाला पूर्वज हवे होते म्हणून ते इतिहासातून उसने घ्यावे लागले, प्रसंगी कल्पनेने रचावे लागले. आता सॉविनला वाचायला त्याच्याकडे आपल्या माणसांची नावं आहेत. त्यांना भेटलेले, त्यांच्याशी भांडलेले लोक ती वाचतात. परंपरा आणखी वेगळी काय असते?