नाव न विचारणारा साक्षीदार

समजा, साथीच्या दिवसांत तुम्हांला लागण झाली. आरोग्यसेवक विचारतात, "गेल्या काही दिवसांत कोणाकोणाच्या जवळ होता?" घरची माणसे, वर्गमित्र यांची नावे तुम्ही भराभर सांगाल. पण एस.टी.त अर्धा तास शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांचे काय? कोविड-१९ च्या साथीत ही अडचण मोठी होती, कारण लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकत होती.

२०२० साली अनेक देशांनी हे काम स्मार्टफोनवर सोपवून पाहिले. सिंगापूरने २० मार्चला 'ट्रेस टुगेदर', भारताने २ एप्रिलला 'आरोग्य सेतू' आणि जर्मनीने १६ जूनला 'कोरोना-वॉर्न' हे ॲप सुरू केले.

या सर्वांत ब्लूटूथचा उपयोग होता. ब्लूटूथ म्हणजे थोड्या अंतरापर्यंतच पोचणाऱ्या रेडिओलहरी. जर्मनीच्या पद्धतीत फोन एक आकडा तयार करून सतत प्रसारित करी. जवळचे फोन तो टिपून ठेवीत. त्या आकड्यात नाव नसे, पत्ता नसे आणि दर दहा-वीस मिनिटांनी तो बदले. एखाद्याला लागण झाली, की त्याच्या संमतीने त्याचे आकडे ओळखण्याची किल्ली मध्यवर्ती संगणकाकडे जाई. इतरांचे फोन ती उतरवून घेत आणि आपल्याच वहीत तसे आकडे आहेत का, ते तपासत. आढळले, तर मालकाला सूचना मिळे. कोण कोणाला भेटले, याची यादी सरकारजवळ जमतच नसे.

मग अंतर कसे कळे? लहरी क्षीण आल्या, तर फोन दूर. जोरकस आल्या, तर जवळ, असा अंदाज. पण हा अंदाज फसतो. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ असते आणि ते या लहरी शोषून घेते. त्यामुळे मागच्या खिशातला शेजाऱ्याचा फोन दूर असल्यासारखा वाटतो. बसच्या पत्र्यावरून लहरी परावर्तित होतात. उलट, पातळ भिंतीतून त्या पार जातात. विषाणू मात्र जात नाही!

आता थोडे गणित. वर्गात ४० विद्यार्थी आहेत. त्यांच्या जोड्या किती होतील? ४० × ३९ ÷ २, म्हणजे ७८०. यांपैकी निम्म्या, म्हणजे २० जणांनीच ॲप घेतले, तर दोघांजवळही ॲप असलेल्या जोड्या २० × १९ ÷ २, म्हणजे फक्त १९०. निम्मे लोक सामील होऊनही भेटींचा जेमतेम चौथा भाग नोंदला गेला! ३० जण आले, तर जोड्या ४३५ होतात, म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक.

म्हणजे यश लोकांच्या सहभागावर अवलंबून आणि सहभाग विश्वासावर. सिंगापूरमध्ये काय घडले पाहा. ही माहिती फक्त संपर्क शोधण्यासाठी वापरू, असे लोकांना सांगण्यात आले होते. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितले, की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती मागू शकतात. लोक नाराज झाले. फेब्रुवारीत कायदा करून पोलिसांचा हा अधिकार गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला.

हा प्रयोग तुम्ही फोनाशिवायही करू शकाल. प्रत्येकाने कोणालाही न दाखवता काही आकडे निवडून आपल्या वहीत लिहावेत आणि तेच चिठ्ठ्यांवर उतरवावेत. दर तासाला नवा आकडा घेऊन शेजारच्यांशी चिठ्ठ्यांची अदलाबदल करावी. शेवटी गुरुजींनी गुपचूप एक 'रोगी' निवडून त्याचे आकडे फळ्यावर लिहावेत. ज्यांच्याजवळ ते निघतील, त्यांनी हात वर करावा. मग विचार करा: ज्याने दिवसभरात एकाच मित्राच्या चिठ्ठ्या घेतल्या, त्याला रोगी कोण, हे ओळखता येईल का? आणि तसे असेल, तर गुप्तता राखण्यासाठी तुम्ही काय युक्ती कराल?