जुन्या शाळेच्या बसचें फिरतें घर

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतील मुलांना शाळेची पिवळी बस अपरिचित नाहीं. सकाळीं वाड्यावस्त्यांवरून मुलें गोळा करीत ती येते, सायंकाळीं धूळ उडवीत परत जाते, आणि असें करतां करतां कांहीं वर्षांत म्हातारी होते. पुढें एखाद्या गॅरेजच्या आवारांत, बाभळीखालीं, कांचा फुटलेल्या स्थितींत ती उभी असलेली आपण पाहतों. तेव्हां तिची किंमत मोडीच्या लोखंडाइतकीच उरली असें बहुतेकांस वाटतें. परंतु अशाच गाडीचें बिऱ्हाड करून मुलांमाणसांसह तींत राहणारे व तींतूनच देशभर हिंडणारे लोक जगांत आहेत. ते हें करतात कसें, आणि आपल्याकडे तें कितपत साधण्याजोगें आहे, हें येथें सांगावयाचें आहे.

चाकांवरील घर ही कल्पना आपणांस परकी नाहीं. घिसाड्यांचा संसार पिढ्यान् पिढ्या गाड्यावर चालत आला. नारायणगांवीं ज्यांच्या सुपाऱ्या ठरतात, ते तमाशाचे फड हंगामभर तंबू, पेट्या, वाद्यें, स्वयंपाकाचीं भांडीं आणि माणसें घेऊन मोटारींतून यात्रेयात्रेस फिरतात. ऊंस तोडणीस आला म्हणजे बीड आणि नगरकडील तोडकऱ्यांचीं कुटुंबें भीमा-घोडच्या कांठच्या मळ्यांत येऊन पाचटाच्या कोप्यांत उतरतात, आणि फड संपला कीं संसार गाडीवर टाकून पुढच्या फडाकडे वळतात. त्यांना घर हलतें ठेवावें लागतें तें पोटासाठीं. हौसेखातर घर चाकांवर चढविण्याची चाल मात्र पाश्चात्य होय. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या, आरमारांतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरानें ब्रिस्टल येथें दोन घोड्यांचें एक फिरतें घर मुद्दाम बांधून घेतलें व त्यांतून ब्रिटनचा प्रवास केला. पुढें घोडे जाऊन इंजिन आलें. अमेरिकेंत तर शाळेच्या जुन्या बसगाड्या स्वस्तांत विकत मिळूं लागल्या, आणि त्यांचीं घरें करण्याचा एक छंदच तेथें पसरला. त्या गाड्यांचा पिवळा रंगही तेथलाच. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत भरलेल्या परिषदेंत तो ठरला, कारण पहाटेच्या व संध्याकाळच्या अंधुक उजेडांत त्यावरील काळीं अक्षरें चटकन् वाचतां येतात.

आतां बस म्हणजे काय तें पाहूं. कारखान्यांतून पुष्कळदां पूर्ण बस बाहेर पडत नाहीं. बाहेर पडते ती नुसती चासी, म्हणजे लांब पोलादी तुळ्या, इंजिन, आंस आणि चाकें. तिच्यावर दुसऱ्या ठिकाणीं बॉडी बांधतात. ज्या पुणें-नगर रस्त्यावर शिरूर वसलें आहे, त्याच रस्त्यावरून १ जून १९४८ रोजीं आपल्या एस. टी. ची पहिली बस धांवली. आणि पुढें एस. टी. ने दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत चासीवर बॉडी चढविण्याचें काम वर्षानुवर्षें चालविलें. चासी आणि बॉडी हीं दोन निराळीं अंगें आहेत, एवढें समजलें म्हणजे आंतील पोट बदलतां येतें हें ओघानेंच आलें. २०२० सालीं महामारीमुळें प्रवासी बंद झाले, तेव्हां एस. टी. नेच कांहीं जुन्या बसगाड्यांचीं बाकें काढून त्यांतून माल वाहिला. पुणें शहरांत २०१६ पासून जुन्या बसगाड्यांचीं स्त्रियांसाठीं स्वच्छतागृहें झालीं. १९९१ सालीं सुरू झालेली जीवनरेखा एक्सप्रेस ही रुग्णालय-गाडी तर आगगाडीच्या जुन्या डब्यांतूनच उभी राहिली.

तथापि बाकें उपटण्याआधीं कायदा पाहिला पाहिजे. उत्साही मंडळी नेमकें हेंच शेवटीं पाहतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपुस्तकांत लिहिलेला व कारखानदारानें ठरविलेला गाडीचा तपशील मालकाला आपल्या मर्जीनें पालटतां येत नाहीं. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें कलम कडकपणें वाचलें आहे. शाळेची बस म्हणून नोंदलेली गाडी घर म्हणून रस्त्यावर आणावयाची, तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधीं आणि सुतार मागाहून, हाच क्रम ठेवावा लागतो. मोटार-कॅरॅव्हॅनसाठीं आपल्या देशांत स्वतंत्र मानक ठरलें आहे. मोटारींच्या कसोटीची मोठी संस्था, ए. आर. ए. आय., ही १९६६ पासून पुण्यांतच आहे. महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. असें असलें तरी फार जुन्या गाडीला योग्यतेचा दाखला मिळणें दिवसेंदिवस अवघड होत चाललें आहे, आणि आमच्या मतें तें योग्यच आहे. ज्या गाडीचे ब्रेक मुलांच्या जिवासाठीं पुरेसे राहिले नाहींत, ते आपल्या कुटुंबासाठीं पुरेसे कसे होतील? म्हणून गाडी विकत घेतांना रंगावर भुलूं नये. खालीं आडवें पडून चासीच्या तुळ्या पाहाव्या. चाकांवरील कमानींत आणि पायऱ्यांच्या मागें गंज प्रथम धरतो. तेथें हातोडीनें ठोकून पाहावें. खणखणीत आवाजाऐवजीं पापुद्रे गळूं लागले, तर ती गाडी मोडीलाच जाऊं द्यावी.

गाडी चांगली निघाली असें समजूं. बाकें निघालीं कीं आंत अचानक एवढी मोकळी जागा दिसते कीं मालकाला वाड्याचीं स्वप्नें पडूं लागतात. आणि येथेंच पहिली मोठी चूक होते. बसला जागा पुष्कळ असली तरी तिची वजन पेलण्याची शक्ति मोजकीच असते. चाळीस मुलें, प्रत्येकाचें सरासरी ३५ किलो वजन धरलें, तर १४०० किलो झालें. आणि हा भार दोन्ही बाजूंस सारखा वांटलेला असतो. घराचें तसें नसतें. प्लायवुडचा आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा एक तक्ता ३० किलोंच्या आसपास भरतो. असे वीस तक्ते कपाटांत आणि पलंगांत सहज खपतात. म्हणजे सहाशे किलो तेथेंच गेले. २०० लिटर पाण्याचें वजन २०० किलो. त्यांत बॅटऱ्या, शेगडी, गाद्या, भांडीं. आणि स्वयंपाकघर, टांकी व न्हाणी हीं तिन्ही एकाच अंगास मांडलीं, तर गाडी वळणावर त्या अंगास कलते. टांकी अर्धी भरलेली असली म्हणजे ब्रेक दाबतांच आंतील पाणी पुढें धांवतें व गाडीला धक्का देतें. म्हणून टांकींत भोंकें पाडलेले आडवे पडदे बसवितात. ती शक्य तितकी खालीं आणि दोन्ही आंसांच्या मध्यें ठेवतात.

याचा ताळा घेण्याचें साधन आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचें आहे. ऊंसाची गाडी ज्या वजनकाट्यावर चढते, त्याच प्रकारच्या काट्यावर बस न्यावी. प्रथम पुढचीं चाकें चढवून वजन घ्यावें, मग पूर्ण गाडीचें, मग फक्त मागच्या चाकांचें. प्रत्येक आंसानें किती पेलावें हें कारखान्यानें ठरविलेलें असतें. काम सुरू होण्यापूर्वीं एकदां, अर्धें झाल्यावर एकदां आणि टांक्या भरून एकदां, अशीं तीन वेळां मापें घेणारा मनुष्य सहसा फसत नाहीं.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशांतले. वैशाखांत पत्र्याखालीं बसणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. बसचें छप्पर म्हणजे पातळ पत्राच. त्याच्या आंतून उष्णतारोधक थर भरतात आणि वर प्लायवुडचें अस्तर लावतात. पण पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी कमानी उघड्या राहिल्या, तर त्यांतूनच उष्णता आंत झिरपते. म्हणून कमानींवरूनही थर न्यावा लागतो. छपरास बाहेरून पांढरा रंग देणें हा सर्वांत स्वस्त उपाय. हिंवाळ्यांत उलटा प्रकार होतो. चार माणसांच्या श्वासांतील व चुलीवरील वाफ थंड पत्र्यावर जमते, अस्तरामागें पाणी उतरतें आणि गंज लागतो. यासाठीं छपरांत एक झरोका उघडा पाहिजे.

विजेचा हिशेब शाळेंतल्या अंकगणितानें होतो. ५ वॉटचे चार दिवे पांच तास जाळले, तर १०० वॉट-तास. २५ वॉटचा पंखा दहा तास, तर २५०. पंप व दूरध्वनि मिळून १०० धरूं. एकूण ४५०. १२ व्होल्टची १०० अँपियर-तासांची शिशाची बॅटरी १२०० वॉट-तास सांठविते. पण तिचें आयुष्य राखावयाचें तर निम्मेच, म्हणजे ६०० वापरावे. छपरावरील २०० वॉटचें सौर तावदान चांगल्या उन्हाचे चार तास मिळाले तर ८०० देतें. संसार भागला. मात्र कोणास हवा थंड करणारें यंत्र हवें असेल, तर हजार वॉट आठ तास म्हणजे ८००० वॉट-तास लागतात, आणि सगळा हिशेब कोलमडतो. पंख्यावर भागवावें हें बरें. इंजिनाच्या बॅटरीवर घराचे दिवे कधींही लावूं नयेत. नाहींतर सकाळीं गाडी ढकलण्यासाठीं गांवांतील चार माणसें शोधावीं लागतील.

सांडपाणी निराळ्या टांकींत धरून योग्य ठिकाणींच सोडावें. घोडनदीचा किंवा भीमेचा कांठ हें तें ठिकाण नव्हे.

आतां जी गोष्ट पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावी असें वाटतें, तीकडे वळतों. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर धुरासारखा वर जात नाहीं. सांडलेल्या पाण्यासारखा खालीं पसरतो आणि जमिनीलगत सांचून राहतो. घरांत तो दाराच्या फटींतून थोडाफार निघून जाईल. बसच्या बंद पोटांत तो झोंपलेल्या मुलांच्या उशाशीं येऊन थांबतो. म्हणून सिलिंडरचें कपाट आंतून पूर्ण बंद आणि तळाशीं बाहेर उघडणारें असावें लागतें. थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी आंत घेऊन निजणें तर त्याहूनही घातक. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो झोंपलेल्यास उठवीत नाहीं.

शाळेच्या बसला मागील बाजूस किंवा उजव्या अंगास एक संकटकालीन दार असतें. मुलें त्याकडे रोज पाहतात, पण तें उघडलेलें क्वचितच पाहतात. घर करणारा कारागीर प्रथम तेंच दार झांकतो, कारण पलंगासाठीं किंवा कपाटासाठीं तीच जागा सोयीची दिसते. तें नुसतें डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून कोणी हळहळत नाहीं. पण पुढच्या दाराशीं चूल मांडलेली, आग तेथेंच लागलेली, आणि मागचें दार गादीमागें, हा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. जी वस्तु चाळीस मुलांच्या जिवासाठीं म्हणून बसविली होती, ती चारांच्या घरांत अडगळ ठरते, ही मोठी विपरीत गोष्ट होय. तसेंच गाडी चालत असतां मुलांनीं पलंगावर लोळावें ही कल्पना गोड असली, तरी पलंग म्हणजे आसन नव्हे. जितकीं माणसें प्रवास करणार, तितकीं पट्ट्याचीं आसनें चासीला पक्कीं जखडलेलीं राखलींच पाहिजेत. आम्हांस विचाराल तर, जो कारागीर हीं दोन बंधनें ऐकून घेण्यास कंटाळतो, त्याच्या हातीं गाडी देऊंच नये.

परवाना हातीं आल्यावर पहिली फेरी दूरची करूं नये. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्यास यावें, तेथून पुणें-सोलापूर रस्त्यानें कुरकुंभापर्यंत जावें आणि मग दौंडांत शिरावें. तेथें रेल्वेखालची कुरकुंभ मोरी आहे. छपरावर तावदानें चढवून गाडी किती उंच झाली, हें घरून निघण्यापूर्वींच मापून ठेवलें असलें म्हणजे मोरीच्या तोंडाशीं उतरून बघत बसावें लागत नाहीं. मुक्कामावर पोंचतांच चाकांच्या तुंब्यांना हात लावून पाहावा. एकच तुंबा इतरांहून फार तापला असेल, तर तेथील ब्रेक धरून राहिला आहे असें समजावें. चाकांच्या चाक्या आंवळून घ्याव्या. कपाटांचीं दारें आपोआप उघडलीं काय, टांकीचे सांधे ओलावले काय, हें पाहावें. मग रात्रीं निजण्यापूर्वीं दिवे मालवून मुलांना एकेक करून आपापल्या जागीं उभें करावें, आणि अंधारांत चांचपडत संकटकालीन दाराची कडी त्यांच्या हातीं लागते कीं नाहीं तें पाहावें. न लागल्यास आड येणारें सामान त्याच रात्रीं हलवावें, आणि मगच अंथरुणें घालावीं.