काजळीचे विष आणि समुद्रातील बुरशी

गतवर्षी जून महिन्यात शाळा उघडली, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरून आलेल्या आठवीतील एका विद्यार्थ्याच्या चपलेच्या तळाला काळे, चिकट डांबर लागलेले होते. वसतिगृहाच्या फरशीवर त्याचे ठसे उमटले. अधीक्षकांनी चिंधीवर थोडे रॉकेल घेऊन चप्पल व फरशी पुसून काढली. डांबर गेले. विद्यार्थ्याने मात्र आम्हांस विचारले, "सर, हे डांबर समुद्रात आले कुठून? आणि तिथले कोण पुसणार?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. प्रश्न विज्ञानाचा असला तरी त्याला टाळणे योग्य वाटले नाही. वर्षभर वाचून, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जहाजांतून वा तेलविहिरींतून सांडलेले खनिज तेल समुद्रावर तवंगासारखे पसरते. त्यातील हलका भाग उडून जातो आणि उरलेला जड भाग लाटांनी घुसळून घट्ट होतो. त्याचेच काळे गोळे पुढे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर येऊन पडतात. यांना तेलगोळे म्हणतात. खनिज तेल हे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे आणि या संयुगांना हायड्रोकार्बन असे नाव आहे. त्यांतील काहींचे रेणू साध्या साखळीसारखे असतात. समुद्रातील जिवाणू त्यांचा बऱ्याच अंशी फडशा पाडतात. काहींचे रेणू मात्र एकमेकांना जोडलेल्या कड्यांचे असतात. आपल्या पेटीत कपड्यांमध्ये ठेवली जाणारी जुनी डांबरगोळी ज्या नॅफ्थॅलीनची असे, त्यात अशी दोन कडी असतात. फेनॅन्थ्रीनमध्ये तीन, पायरीनमध्ये चार आणि बेंझोपायरीनमध्ये पाच कडी असतात. कडी जितकी अधिक, तितका रेणू पाण्यात कमी विरघळतो, गाळाला घट्ट चिकटतो आणि अधिक काळ टिकतो. ही संयुगे तेलातच नव्हे, तर कोळसा, लाकूड वा इंधन अर्धवट जळाल्यावर उरणाऱ्या काजळीतही असतात.

या काजळीच्या विषाचा इतिहास सांगण्यासारखा आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये घरांची अरुंद धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवीत असत. ही मुले अर्थातच गरिबांची, पुष्कळदा अनाथ. 1775 साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा जो कर्करोग होतो, त्याचे कारण त्वचेत साठून राहणारी काजळी हे होय. एखाद्या कामामुळे कर्करोग होतो, हे अशा रीतीने प्रथमच मांडले गेले. 1915 साली जपानमध्ये यामागिवा व इचिकावा या संशोधकांनी सशाच्या कानांवर महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर लावून प्रयोगाने कर्करोग निर्माण केला. 1930 च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी त्याच डांबरातून बेंझोपायरीन वेगळे काढले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पॉट यांनी कारण सांगितले 1775 मध्ये आणि मुलांना धुराड्यात चढविण्याची प्रथा ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने बंद झाली ती 1875 च्या कायद्याने. कारण कळणे आणि अन्याय थांबणे यांत शंभर वर्षे गेली. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

आता बुरशीकडे येऊ. पावसाळ्यात भाकरीवर किंवा चामड्याच्या चपलेवर येणारी बुरशी आपल्या परिचयाची आहे. बुरशी ही वनस्पती नव्हे. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करीत नाही. तिचे बारीक तंतू अन्नावर पसरतात, विकरे म्हणजे एन्झाइम बाहेर सोडतात, अन्न शरीराबाहेरच फोडतात आणि मग शोषून घेतात. जंगलात पडलेले लाकूड कुजते ते मुख्यतः अशाच बुरशींमुळे. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन हे द्रव्य फार चिवट असते, कारण त्याच्या रेणूतही कार्बनची कडी गुंफलेली असतात. श्वेतकूज करणाऱ्या बुरशी लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगनीज पेरॉक्सिडेज व लॅकेज या विकरांच्या साहाय्याने ते फोडतात. ही विकरे एकाच कुलपाला लागणाऱ्या किल्लीसारखी नाहीत. ती समोरच्या रेणूतील इलेक्ट्रॉन हिरावून त्याला अस्थिर करतात, त्यामुळे लिग्निनसारखी कडी असलेल्या इतर पदार्थांवरही त्यांचा अंमल चालतो. 1985 साली अमेरिकन संशोधकांनी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीवरील प्रयोगांतून हे दाखविले. लाकूड कुजविणारी ही बुरशी डीडीटी आणि बेंझोपायरीन यांसारख्या चिवट विषांचेही विघटन करते. जिवाणूला रेणू पेशीच्या आत घ्यावा लागतो, तर बुरशी आपली हत्यारे बाहेर पाठविते. गाळाला चिकटलेल्या, पाण्यात न विरघळणाऱ्या विषाच्या बाबतीत हा फरक मोलाचा ठरतो.

परंतु जमिनीवरील बुरशी खारट पाण्यात अनेकदा मंदावते. समुद्राचे पाणी तर खारट असतेच, कारखान्यांच्या अनेक सांडपाण्यांतही क्षार भरपूर असतात. म्हणून संशोधकांचे लक्ष समुद्रातील बुरशींकडे गेले. खारफुटीचे पडलेले लाकूड, वाहून आलेले ओंडके, कुजणारे समुद्री गवत ही त्यांची वसतिस्थाने होत.

या क्षेत्रातील महत्त्वाचे काम आपल्या शेजारी गोव्यात झाले आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. चंद्रलता रघुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्री गवताच्या कुजणाऱ्या पानांवरून फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस ही बुरशी मिळविली. ती वर सांगितलेली तिन्ही प्रकारची विकरे तयार करते, हे त्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केले. 2004 मध्ये त्यांनी या बुरशीचा प्रयोग मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यावर केला. कारखान्यावर यालाच स्पेंटवॉश म्हणतात. आमच्या कित्येक पालकांचा घाम उसाच्या फडात मुरलेला आहे. त्या काळ्या-तपकिरी पाण्याचा रंग आणि वास त्यांना निराळा सांगावयास नको. त्या पाण्यात बेंझोपायरीनही होते. फोमच्या तुकड्यांवर वाढविलेल्या बुरशीने पाण्याचा रंग पुष्कळ उतरविला आणि पाच दिवसांत बेंझोपायरीनचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटविले. संशोधक तेथेच थांबले नाहीत. प्रक्रिया केलेल्या व न केलेल्या पाण्याचा माशांवर काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासले. पाणी स्वच्छ दिसणे पुरेसे नाही, ते निर्विष झाले पाहिजे, हा त्यामागील विचार.

2006 मधील त्यांचा प्रयोग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला. या वेळी पाण्यात फेनॅन्थ्रीन घातले होते. काही दिवसांत पाण्यातील बहुतांश फेनॅन्थ्रीन नाहीसे झाले. एखाद्याने येथेच यश जाहीर केले असते. पण संशोधकांनी उष्णतेने मारलेली बुरशीही त्याच पाण्यात ठेवून पाहिली होती, आणि मेलेल्या बुरशीनेही जवळजवळ तेवढेच फेनॅन्थ्रीन पाण्यातून काढून घेतले! म्हणजे विष फुटले नव्हते. ते बुरशीला आणि तिच्या भोवतीच्या चिकट द्रव्याला नुसते चिकटले होते. खरा भेद त्यानंतर दिसला. पुढे ठेवून दिल्यावर जिवंत बुरशीतील फेनॅन्थ्रीन हळूहळू विघटित झाले, मेलेल्या बुरशीत ते तसेच राहिले. आधी धरून ठेवणे, मग फोडणे, अशी ही दोन टप्प्यांची क्रिया आहे. पहिल्या टप्प्याला दुसरा समजण्याची चूक सहज होऊ शकते.

मग समुद्रावर बुरशी शिंपडली की काम झाले का? नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा व खलिजिया या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेले तेल किनाऱ्यावरील खारफुटीपर्यंत पोहोचले. अशा वेळी प्रयोगशाळेतील चंबू आणि उघडा समुद्र यांतील अंतर कळते. समुद्रात सोडलेली बुरशी लाटांबरोबर विखुरते. गाळाच्या खोल थरांत प्राणवायू नसतो आणि या विकरांचे काम प्राणवायूवाचून चालत नाही. शिवाय अर्धवट फुटलेला रेणू कधी कधी मूळ रेणूइतकाच किंवा अधिक घातक असतो. 1989 मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडले, तेव्हाही बाहेरचे जीव आणण्यापेक्षा किनाऱ्यावर आधीच असलेल्या सूक्ष्मजीवांना नत्र-स्फुरदाचे खत पुरविण्यावर भर दिला गेला. समुद्री बुरशीचा खरा उपयोग सध्या तरी बंदिस्त टाकीत, जेथे हवा, तापमान व मुदत आपल्या हाती असते, तेथे दिसतो. विषारी पाणी नदीत वा खाडीत जाण्यापूर्वीच ते तेथे अडवून शुद्ध करता येईल.

आता शंभर वर्षांच्या त्या मुद्द्याकडे वळू. बुरशी विष फोडते, या ज्ञानाचा आनंद आम्हांसही आहे. परंतु "बुरशी आहे ना, मग सोडा पाणी" असे कोणी म्हणू लागले, तर ते ज्ञानाचा दुरुपयोग करणे होईल. सांडलेले तेल आणि सोडलेले सांडपाणी प्रथम पोहोचते ते मासे मारणाऱ्याच्या जाळ्यात आणि नदीकाठच्या वस्तीच्या हंड्यात. धुराड्यातील मुलांना पॉट यांचे निदान वाचवू शकले नाही. त्यांना धुराड्यातून बाहेर काढणारा कायदा आणि तो पाळून घेणारा समाज लागला. बुरशीचे विज्ञान मोलाचे आहे, पण विष मुळात सोडूच नये हा आग्रह त्याच्या आधी यावयास हवा.

लेखाची टिपणे पूर्ण झाल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्याला बोलावून हे सर्व सांगितले. मेलेल्या बुरशीचा प्रयोग ऐकून तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे माझ्या चपलेचे डांबरही गेलेच नव्हते. ते चिंधीत गेले. ती चिंधी कुठे टाकली?"

आम्ही अधीक्षकांना विचारले. चिंधी वसतिगृहामागच्या ओढ्याकाठी टाकलेली होती.