खात्यातून कापलेले पैसे कशाचे?

पासबुक छापून आणलं की अनेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: 'बँकेनं परत पैसे कापले.' कशाचे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. कापलेली रक्कम वीस रुपये असो की पाचशे, तिच्यामागे एखादा नियम असतो, आणि बऱ्याचदा त्याच नियमात खातेदाराच्या बाजूचंही काही लिहिलेलं असतं. ते माहीत नसल्याचा फटका खात्यात थोडे पैसे असलेल्यांनाच जास्त बसतो, हे मला फार खटकतं.

किमान शिलकीबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे. शिल्लक एक दिवस जरी खाली गेली तरी दंड लागतो, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक बँका महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी पाहतात. समजा अट महिन्याला सरासरी ३,००० रुपयांची आहे. तीस दिवसांपैकी दहा दिवस खात्यात ९,००० रुपये राहिले आणि उरलेले वीस दिवस खातं रिकामं असलं, तरी अट पूर्ण होते. शिवाय रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम सांगतो, की शिल्लक कमी पडल्यास बँकेनं आधी ग्राहकाला कळवायचं आणि ती भरून काढायला महिनाभराची मुदत द्यायची. दंडही जितकी रक्कम कमी पडली त्या प्रमाणातच लावायचा. केवळ या दंडामुळे बचत खातं उणे शिलकीत जाता कामा नये. म्हणजे 'तुमच्या खात्यावर उणे सहाशे दाखवतंय, आधी ते भरा' असं कुणी सांगितलं, तर तिथेच लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला एक रुपयाही लागत नाही.

शून्य शिलकीचं खातं फक्त गरिबांसाठी असतं, हाही असाच एक समज. असं 'मूलभूत बचत खातं' कुणीही, कोणत्याही बँकेत मागू शकतो. एटीएम कार्ड फुकट, पैसे भरण्यावर मर्यादा नाही आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. अट एवढीच, की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. मोठ्या शिलकीची अट पेलत नसेल, तर लाज न बाळगता हे खातं मागावं.

एटीएमचं थोडक्यात सांगतो. आपल्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर मुंबईसारख्या महानगरांत तीन, इतरत्र पाच. पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि त्यावर कर. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर नुसती शिल्लक पाहिली तरी तो व्यवहार मोजला जातो. मात्र यंत्र बिघडल्यामुळे किंवा त्यात नोटा नसल्यामुळे फसलेला व्यवहार मोजायचा नसतो. खात्यातून पैसे वजा झाले पण हातात आले नाहीत, तर बँकेनं पाच दिवसांत ते परत जमा करायचे असतात. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

हप्त्यांच्या बाबतीतला गैरसमज जास्त महागात पडतो. 'पाच तारखेला रविवार आहे, हप्ता सोमवारी जाईल,' या भरवशावर आजही कित्येक जण असतात. १ ऑगस्ट २०२१ पासून ही आपोआप वजावट सुटीच्या दिवशीही होते. शिल्लक नसेल तर बँक शुल्क घेते, कर्ज देणारी संस्था वेगळा दंड लावते, आणि तिनं पुन्हा प्रयत्न केला की बँकेचं शुल्क पुन्हा लागू शकतं. असा हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच कायद्याच्या कक्षेत येणारा गुन्हा ठरू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पगार सात तारखेला होत असेल, तर हप्त्याची तारीख दहा करून मागणं हा सोपा उपाय आहे.

वीजबिल ऑनलाइन भरलं की जास्तीचे पैसे लागतात, असं ज्येष्ठ मंडळी अजून सांगतात. महावितरण तर ऑनलाइन भरणाऱ्याला बिलात पाव टक्का सूट देत आलं आहे. काही खासगी ॲप बिल भरताना स्वतःचं शुल्क लावतात, तो वेगळा मामला. पैसे पाठवण्याआधी पडद्यावरची एकूण रक्कम बिलाशी ताडून पाहावी.

आणि एक नोंद अशी आहे, जिला लोक दंड समजतात पण ती दंड नसते. मे-जूनच्या सुमारास २० किंवा ४३६ रुपये गेलेले दिसतात. २० रुपये पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे, म्हणजे अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. ४३६ रुपये जीवन ज्योती विमा योजनेचे. त्यात कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी दोन लाख मिळू शकतात. खातं उघडताना बऱ्याच जणांनी या अर्जांवर सही केलेली असते आणि नंतर ते विसरून गेलेले असतात. संमती दिली नसेल, तर बँकेला जाब विचारावा. दिली असेल, तर वारसाचं नाव बरोबर आहे का ते तपासावं आणि घरच्यांना सांगून ठेवावं. घरातलं कुणी गेलं असेल, तर त्यांच्या पासबुकात आदल्या मे-जूनची पानं नक्की पाहावीत. यांपैकी एखादी नोंद सापडली, तर दाव्याचा अर्ज त्याच शाखेत मिळतो.