पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदय कमजोर झालं किंवा यकृताच्या आजारात पोटात पाणी साचलं, की डॉक्टर अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. एप्लेरेनोन आणि अमिलोराइड याच गटातली. या गोळ्या जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढतात, पण पोटॅशियम शरीरातच राखतात. डायटॉर प्लस, लॅसिलॅक्टोन या जोडगोळ्यांतही स्पायरोनोलॅक्टोन असतं.

गैरसमज: लघवीची गोळी चालू आहे, म्हणजे नारळपाणी भरपूर प्यावं.
वस्तुस्थिती: नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटतं, या गोळ्यांनी वाढतं. रक्तात ते साधारण 3.5 ते 5 mEq/L असावं. 6 च्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. संभाजीनगरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, अंगातलं पाणी आटतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. तेव्हा रोज किती नारळपाणी चालेल, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गैरसमज: बीपीसाठी 'लो सोडियम' मीठ सर्वांनाच चांगलं.
वस्तुस्थिती: अशा बहुतेक मिठांत पोटॅशियम क्लोराइड असतं. पोटॅशियम राखणारी गोळी घेणाऱ्यांनी ते टाळावं.

गैरसमज: गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून आणली तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचं काम मंदावतात आणि पोटॅशियम चढतं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांनीही ते वाढतं. डॉक्टर बीपीची ही औषधं विचारपूर्वक सोबत देतात, पण मग रक्ततपासणी चुकवून चालत नाही.

गैरसमज: त्रास नाही, मग तपासणी कशाला?
वस्तुस्थिती: वाढलेलं पोटॅशियम अनेकदा कोणतंच लक्षण दाखवत नाही. गोळी सुरू झाल्यावर आठवडाभरात, मग महिन्याने आणि पुढे दर काही महिन्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावं लागतं. कॅनडातील ऑन्टारिओत हृदयरुग्णांना ही गोळी सर्रास दिली जाऊ लागली, तेव्हा वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 मध्ये 11 झालं.

गैरसमज: इतका धोका असेल, तर गोळी बंदच करावी.
वस्तुस्थिती: 1999 च्या 'राल्स' अभ्यासात गंभीर हृदयविकाराच्या रुग्णांतले मृत्यू स्पायरोनोलॅक्टोनमुळे 30 टक्क्यांनी घटले. मनाने गोळी सोडू नका. पुरुषांच्या छातीला सूज आली तर डॉक्टरांना सांगा, पर्यायी औषध मिळतं. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अंगातली शक्ती गेल्यासारखी वाटली किंवा ठोके चुकू लागले, तर थेट संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात जा आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.