जेलब्रेकिंग, सॉफ्टवेअर-चौर्य आणि विकसकांची प्रतिकारवाई : एक विवेचन

प्रस्तावना

भ्रमणध्वनी संच विकत घेतला की तो ग्राहकाच्या मालकीचा होतो; परंतु त्या संचावर कोणते सॉफ्टवेअर चालावे हे ठरविण्याचा अधिकार उत्पादक पुष्कळदा स्वतःकडेच राखून ठेवतो. ॲपल कंपनीने जून २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन विक्रीस आणला, तेव्हा त्यावर त्रयस्थ विकसकांचे सॉफ्टवेअर बसविण्याची सोय नव्हती. काही आठवड्यांतच तंत्रकुशल हौशी मंडळींनी हे कुलूप काढले आणि या क्रियेस 'जेलब्रेकिंग' हे नाव पडले. जे फ्रीमन यांचे 'सिडिया' हे वितरण-साधन २००८ च्या प्रारंभी उपलब्ध झाले. ॲपलचे अधिकृत ॲप स्टोअर सुरू झाले ते त्याच वर्षीच्या जुलैमध्ये. म्हणजे तुरुंग फोडणाऱ्यांचा बाजार अधिकृत बाजाराच्या आधी भरला होता. या विषयाच्या चर्चेत ही गोष्ट बहुधा विसरली जाते आणि जेलब्रेकिंग म्हणजेच चाचेगिरी असे सोपे समीकरण मांडले जाते.

प्रस्तुत लेखात या दोहोंमधील संबंध आणि ज्यांच्या श्रमाची चोरी झाली अशा विकसकांनी स्वतःच उगारलेल्या दंडाचे स्वरूप तपासावयाचे आहे. प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. मुळात तो न्यायाचा आहे. आरोप ठेवणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकच असला म्हणजे काय घडते, हे येथे फार स्पष्टपणे पाहावयास मिळते.

चोरीची यंत्रणा

ॲप स्टोअरवरून घेतलेल्या ॲपला दुहेरी संरक्षण असते. एक म्हणजे सांकेतिक स्वाक्षरी. ती जुळल्याशिवाय संच ॲप चालवीत नाही. दुसरे म्हणजे ॲपचा मूळ भाग कूटबद्ध केलेला असतो. मात्र कोणतेही ॲप चालवावयाचे तर ते स्मृतीमध्ये उलगडावेच लागते, आणि नेमकी हीच या व्यवस्थेची दुखरी जागा आहे. जेलब्रेक केलेल्या संचावर उलगडलेला भाग स्मृतीतून वाचून जतन करता येतो. अशा प्रतीची मूळ स्वाक्षरी बाद होते. म्हणून ती वापरणाऱ्याच्या संचावरील स्वाक्षरी-तपासणीही निष्प्रभ करावी लागते. चोरी करणाऱ्यास आणि चोरीचा माल वापरणाऱ्यास, दोघांनाही जेलब्रेकिंगची गरज पडे ती यामुळे. २००९ मध्ये 'क्रॅक्युलस' या साधनाने हे काम बोटाच्या एका स्पर्शावर आणले. 'इन्स्टॉलस' या साधनातून अशा प्रती फुकट मिळत. ते २०१२ च्या अखेरीस बंद झाले.

तथापि जेलब्रेकिंग हे चोरीचे एकमेव द्वार नव्हते. जुलै २०१२ मध्ये एका रशियन विकसकाने ॲपच्या अंतर्गत होणारी खरेदी, संच जेलब्रेक न करताही, फुकट पदरात पाडून घेण्याचा मार्ग दाखविला. खोटी पावती देणारा सर्व्हर मध्ये बसविणे, एवढेच त्याचे मर्म होते.

'कायदेशीररीत्या मिळविलेले'

जेलब्रेकिंग समुदायाला चोरीचे वावडे असण्याचे कारण केवळ नैतिक नव्हते. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या निर्णयाने भ्रमणध्वनीच्या जेलब्रेकिंगला डिजिटल प्रताधिकार कायद्यातून सवलत मिळाली. ती सवलत कायदेशीररीत्या मिळविलेली ॲप संचावर चालविता यावीत, या हेतूपुरतीच होती. समुदायाचा सारा बचाव या एका अटीवर उभा होता. सिडियात चोरीच्या मालासाठी कुप्रसिद्ध असलेला स्रोत जोडू पाहणाऱ्यास इशारा दिला जाई, तो यामुळेच. डिसेंबर २०१३ मध्ये 'इव्हेडर्स' या गटाने प्रसिद्ध केलेल्या जेलब्रेकसोबत चिनी वापरकर्त्यांसाठी 'ताइजी' नावाचे दुकान जोडलेले आढळले व त्यात चोरीची ॲप निघाली, तेव्हा समुदायातूनच एवढी टीका झाली की गटाला ते दुकान काढून टाकावे लागले.

विकसकांची कोंडी

मार्च २००९ पासून सिडियावर सशुल्क विक्री सुरू झाली. आयफोनचे रूप व वर्तन बदलणारे छोटे कार्यक्रम, ज्यांना 'ट्वीक' म्हणत, तेथे अल्प किमतीस विकले जात. त्यांच्या कर्त्यांची अडचण विलक्षण होती. ॲपलचे संरक्षण त्यांना लाभणे शक्यच नव्हते. फ्रीमन यांच्याच 'मोबाइल सबस्ट्रेट' या साधनाच्या आधारे ट्वीक दुसऱ्याच्या कार्यक्रमात हस्तक्षेप करी. त्याच साधनाने ट्वीकमधील परवाना-तपासणीतही हस्तक्षेप करून तिचे उत्तर कायम 'होय' असे ठेवणे सहज जमे. ज्या किल्लीने ॲपलचे दार उघडले, तीच किल्ली आता स्वतःच्या दाराला लागत होती. यात काव्यगत न्याय आहे असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला; तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. विकत घेतलेली वस्तू आपल्या सोयीनुसार बदलणे आणि विकत न घेतलेली वस्तू उचलून नेणे यांत मूलभूत अंतर आहे.

कायद्याची वाट यांच्यासाठी जवळजवळ बंद होती. एक-दोन डॉलरांच्या मालासाठी परदेशस्थ, निनावी चोरावर दावा कोण लावणार? उरला तो काट्याने काटा काढण्याचा मार्ग.

दंडाच्या पायऱ्या

या प्रतिकारवाईचे प्रकार सौम्यापासून उग्रापर्यंत आढळतात. चोरीची प्रत ओळखून विनंतीवजा संदेश दाखविणे किंवा ॲपने चालण्यास नकार देणे, हे तक्रार करण्याजोगे नाही. ऑस्ट्रेलियातील ग्रीनहार्ट गेम्सने २०१३ मध्ये केलेला प्रयोग संगणकावरील खेळाचा असला तरी येथे उल्लेखनीय आहे. 'गेम देव्ह टायकून' या आपल्या खेळाची एक खास प्रत त्यांनी स्वतःच चाचेगिरीच्या वाटेने सोडली. तीत खेळाडूची काल्पनिक कंपनी चाचेगिरीमुळेच दिवाळखोरीत जाई! पहिल्या दिवशी ३,३१८ पैकी केवळ २१४ जणांनी खेळ विकत घेतला होता. या शिक्षेत विनोद होता आणि खेळाबाहेर कोणाचे काही बिघडत नव्हते.

एनफोर या टोकियोस्थित कंपनीचे प्रकरण मात्र निराळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिच्या आयफोनवरील शब्दकोशांनी वापरकर्त्यांच्या ट्विटर खात्यांवरून, त्यांच्या नकळत, 'आपण चोरीची ॲप वापरतो, यापुढे वापरणार नाही' अशा आशयाचे कबुलीजबाब प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. यांतील काही शब्दकोश पन्नास डॉलरांच्या घरातील होते. आणि कबुलीजबाब प्रसिद्ध झालेल्यांत पूर्ण मूल्य मोजलेले ग्राहकही होते. कंपनीस जाहीर क्षमा मागावी लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते हेच.

ही चूक अपघाती होती असे म्हणून सोडून देता येत नाही. ॲपला चोर कधीच दिसत नाही. दिसतात त्या केवळ खुणा: कूटबद्धतेची नोंद बदललेली आहे, संचावर सिडिया आहे, अमुक एक फाइल अस्तित्वात आहे. यांतील बहुतेक खुणा जेलब्रेकिंगच्या आहेत, चोरीच्या नव्हेत. चूक झाली तर नुसता नकार मिळालेला ग्राहक तक्रार करून दुरुस्ती मिळवू शकतो. चारचौघांत चोर ठरविल्या गेलेल्या माणसाची अब्रू अशी परत मिळत नाही. शिवाय ट्विटर खाते वापरण्याची अनुमती ग्राहकाने शब्दकोशाच्या सोयीसाठी दिलेली असते, स्वतःविरुद्ध साक्ष देण्यासाठी नव्हे. मार्च २०११ मध्ये अँड्रॉइडवरील 'वॉक अँड टेक्स्ट' या ॲपच्या नावाने फिरणाऱ्या एका प्रतीने तर वापरकर्त्याच्या संपर्कयादीतील सर्वांना, त्याच्याच खर्चाने, त्याची नालस्ती करणारे लघुसंदेश पाठविले. सुरक्षा-तज्ज्ञांनी तिची गणना घातक सॉफ्टवेअरमध्येच केली, आणि ते योग्य होते.

भारतीय कायद्याकडे पाहिले तरी हाच भेद आढळतो. कॉपीराइट अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ संरक्षण-व्यवस्था भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरविते. परंतु हक्कभंगाचा उद्देश असल्यासच. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या अनुमतीविना त्याच्या संगणकात अपायकारक घटक शिरविणाऱ्यास भरपाईस जबाबदार धरते. समोरचा माणूस चोर असल्यास हे माफ, असा अपवाद त्या कलमात नाही.

हानी किती?

प्रतिकारवाईच्या समर्थनार्थ नेहमी आकडे पुढे केले जातात. 'मॉन्युमेंट व्हॅली' या खेळाच्या निर्मात्यांनी जानेवारी २०१५ मध्ये सांगितले की, अँड्रॉइडवरील केवळ ५ टक्के व आयफोन-आयपॅडवरील ४० टक्के प्रतींचेच मूल्य मिळाले होते. मात्र न भरलेली प्रत म्हणजे चोरीचीच प्रत नव्हे, कारण एकच ग्राहक एकदा विकत घेतलेला खेळ अनेक संचांवर बसवितो, हा खुलासाही त्यांनीच केला. फुकट घेणारा प्रत्येक जण एरवी मूल्य देऊन घेताच असे नाही. म्हणून हानी नाही असे मात्र नाही. 'डेड ट्रिगर' हा एका डॉलरहून कमी किमतीचा खेळ २०१२ मध्ये अँड्रॉइडवर फुकट करताना निर्मात्यांनी चाचेगिरीचेच कारण दिले होते.

चोरीच्या मालाची किंमत कधी घेणाऱ्यालाही मोजावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या 'कीरेडर' या घातक सॉफ्टवेअरने जेलब्रेक केलेल्या संचांवरून सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खात्यांची माहिती पळविली. ती वापरली गेली सशुल्क ॲप फुकट मिळवून देणाऱ्या ट्वीकसाठी. एकाला फुकट मिळालेल्या ॲपचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून जात होते.

सिडियावरील खरेदीची सोय फ्रीमन यांनी डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. तोवर ट्वीकची मागणीच ओसरली होती. २०१३ मध्ये आलेले नियंत्रण-केंद्र, २०१४ पासून त्रयस्थांच्या कळफलकांना मिळालेली मुभा, अशा एकेका सोयीसाठी पूर्वी लोक संच जेलब्रेक करीत. त्या ॲपलने स्वतःच देऊ केल्या. ट्वीक-विकसकांचे उत्पन्न चोरांनी घटविले हे खरे, पण त्यांचा बाजार उठविला तो मुख्यतः ॲपलने, त्यांच्याच कल्पना आपल्याशा करून. आणि त्या उचलेगिरीविरुद्ध कोणत्याही ट्वीकमध्ये प्रतिकाराची सोय नव्हती.