आरशातलं नाक, सेल्फीतलं नाक

गरम पाण्याने आंघोळ केली की न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरते. अशा वेळी एक डोळा मिटा आणि आरशात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याच्या कडेने वाफेवर बोट फिरवा. मग बाजूला होऊन ती रेघ मोजा. हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम ११ सेंटिमीटर भरेल. डोकं प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट असतं. थोडं पुढेमागे सरकून पुन्हा रेघ काढली, तरी माप तेच येतं.

कारण आपली प्रतिमा काचेवर नसतेच. आपण काचेपुढे जेवढे, तेवढीच ती काचेमागे असते आणि काच बरोबर मध्यावर येते. म्हणजे आरशापासून अर्ध्या मीटरवर उभे राहून आपण भांग पाडतो, तेव्हा स्वतःला एक मीटर अंतरावरून बघत असतो. आपला चेहरा आपल्या ओळखीचा झालेला असतो तो या दुप्पट अंतरावरून.

अंतराचा हा खेळ मला माझ्या भाचीला समजावून सांगावा लागला. मोबाइलवरची सेल्फी पुढे करून तिने विचारलं, "मामा, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे का?" तिला ते मनापासून लागलेलं होतं. मी कागद-पेन्सिल घेतली.

कोपर दुमडून फोन धरला की तो नाकाच्या शेंड्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर येतो. कान शेंड्याच्या १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे फोनपासून ४२ वर. वस्तू जितक्या पटीने दूर, तितक्या पटीने लहान दिसते. त्यामुळे नाक कानाच्या मानाने ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठं उमटतं. आता तोच फोन दीड मीटरवर ठेवा. १६२ भागिले १५० म्हणजे १.०८, फरक जवळजवळ पुसला जातो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले सर्जन बोरिस पासखोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी चेहऱ्यांची मापं घेऊन असंच गणित मांडलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, असं त्यातून निघालं. सेल्फी पाहून नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हा आकडा आधी कुणीतरी सांगायला हवा, असं मला फार वाटतं.

फोटोग्राफीचा छंद असलेली मंडळी याचं खापर 'वाइड' लेन्सवर फोडतात. त्यात लेन्सची चूक नाही. त्याच फोनने दोन मीटरवरून फोटो काढा आणि नंतर चेहऱ्यापुरता कापून घ्या, नाक जागेवर आलेलं दिसेल. पोर्ट्रेटला ८५ मिलिमीटरची लेन्स चांगली म्हणतात, कारण ती लावली की आपोआप मागे सरकावं लागतं. चेहऱ्याची ठेवण अंतराने ठरते. लेन्स ठरवते ते चौकटीत किती मावणार एवढंच. वाइड लेन्सचा खरा दोष चौकटीच्या कडांना दिसतो. ग्रुप सेल्फीत कोपऱ्यात उभ्या असलेल्याचं डोकं ताणल्यासारखं होतं, ते त्यामुळे.

मग मी भाचीचा फोटो दोन मीटरवरून काढला. नाकाची तक्रार मिटली, पण "काहीतरी वेगळंच वाटतंय" हे राहिलंच. आजीने मात्र तो पाहून म्हटलं, "अगदी अश्शीच दिसतेस गं!" दोघींचंही बरोबर होतं. आरशात भांग आणि गालावरचा तीळ ज्या बाजूला दिसतो, त्याच्या उलट बाजूला तो फोटोत येतो. १९७७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी विद्यार्थिनींचे सरळ आणि उलटवलेले, असे दोन्ही फोटो दाखवले. स्वतः विद्यार्थिनींचा कल आरशासारख्या फोटोकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ फोटोकडे. जे रोज पाहतो, तेच डोळ्यांना गोड वाटतं.

गंमत म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एकाला स्वतःचा चेहरा आरशातल्यासारखाच मिळाला होता. १८३९ च्या शरद ऋतूत फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कॉर्नेलियसने घरच्या दिव्यांच्या दुकानामागे कॅमेरा मांडला, लेन्सचं झाकण काढलं आणि समोर जाऊन निश्चल राहिला. चौकट बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो एका बाजूला सरकलेला दिसतो. केसही विस्कटलेले आहेत. त्याने वापरलेल्या डागेरोटाइप या तेव्हाच्या पद्धतीत चित्र थेट चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटतं, त्यामुळे डावं-उजवं उलटं येतं. आपल्याकडे त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांनी १८८० च्या सुमारास राणी मनमोहिनी देवींसह स्वतःचा फोटो घेतला, तो दुरून शटर चालवून. म्हणजे हे दोन्ही कॅमेरे चेहऱ्यापासून चांगले लांब होते. हाताच्या अंतरावरचं नाक त्यांच्या वाट्याला आलं नाही.

तेव्हा फोन हातातून सोडा. पुस्तकांच्या चवडीला टेकवा किंवा शंभर-दोनशे रुपयांचा छोटा ट्रायपॉड घ्या. दहा सेकंदांचा टायमर लावा, आणि जमलं तर मागचा कॅमेरा वापरा, तो बहुधा पुढच्यापेक्षा सरस असतो. खिडकी समोर नको, एका बाजूला असू द्या. मग चेहऱ्याचा एक भाग उजळतो, दुसऱ्यावर हलकी सावली पडते आणि नाकाला उठाव येतो.

उरतो फोकस. आपण अजून चौकटीत नसतो, तेव्हा कॅमेरा मागच्या भिंतीवर फोकस करून मोकळा होतो. त्यावर जुना उपाय आहे. जिथे उभं राहायचं तिथे खुर्चीला टेकवून केरसुणी उभी करा, तिच्यावर फोकस करा, तो तिथेच लॉक करा आणि टायमर दाबून केरसुणीच्या जागी जाऊन उभे राहा. भाचीने परवा असाच स्वतःचा फोटो काढला. तिसऱ्या खेपेला पापणीचा केस न् केस स्पष्ट आला. पहिल्या दोन खेपांना ती केरसुणी उचलायला विसरली होती.